बंदिस्त मुक्कामातील माणसे

अंटार्क्टिकाच्या तळावर हिवाळा काढणारी तुकडी, पाणबुडीतले नौसैनिक, अंतराळस्थानकातले अंतराळवीर आणि शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले दर्यावर्दी यांच्या जगण्यात तीन गोष्टी सारख्या असतात. जागा अपुरी, माणसे मोजकी आणि मनात आले म्हणून निघून जाण्याची सोय नाही. तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत जड. एरवी कचेरीत कुणाशी बिनसले तर माणूस घरी जातो, घरी वाजले तर कोपऱ्यावर चहाला जातो. बरीच भांडणे नुसत्या अंतराने निवळतात. बंदिस्त मुक्कामात ते अंतरच नसते. ज्याच्याशी सकाळी बाचाबाची झाली त्याच्याच शेजारी दुपारी जेवायचे, रात्री त्याचेच घोरणे ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी बर्फातली भेग ओलांडताना दोराचे दुसरे टोक त्याच्याच हाती द्यायचे. एकच माणूस सहकारी, शेजारी, मित्र आणि प्रसंगी शेकडो मैलांतला एकमेव डॉक्टर असतो. अशा स्थितीत गट कसा बांधला जातो, कशाने फाटतो आणि फाटूनही काम कसे करत राहतो, हा एका स्वतंत्र अभ्यासशाखेचा विषय आहे.

विषयाची लोकप्रिय बाजू मात्र वेगळीच आहे. एकांताने माणसे वेडी होतात, एकमेकांच्या जिवावर उठतात, अशा गोष्टी चवीने सांगितल्या जातात. सोव्हिएत संघाच्या वोस्तोक तळावर बुद्धिबळाच्या डावावरून कुऱ्हाड चालल्याची कथा अनेक वर्षे फिरते आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. रशियाच्या बेलिंग्सहाउझेन तळावर २०१८ मध्ये एकाने सहकाऱ्याला भोसकले हे खरे. तो सहकारी पुस्तकांचे शेवट आधीच सांगून टाकायचा म्हणून हे घडले, ही जगभर छापली गेलेली पुस्ती मात्र ऐकीव. अशा घटना होतात, पण दर वर्षी हिवाळा काढून सुखरूप परतणाऱ्यांच्या तुलनेत त्या फार थोड्या आहेत. खरा प्रश्न झटक्यांचा नसून झिजेचा आहे. अबोला, कंपू, टोमणे, जेवणाच्या टेबलावर ठरून गेलेल्या जागा, मुख्यालयाविषयी वाढत जाणारी चीड यांनी गट कुरतडला जातो, आणि हे सारे इतके साधे असते की अहवालात त्याची नोंदही होत नाही.

या अनुभवाची पहिली सविस्तर वैद्यकीय नोंद ‘बेल्जिका’ या जहाजावरची. आद्रियाँ द गेर्लाश यांच्या नेतृत्वाखालील हे जहाज मार्च १८९८ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रबर्फात अडकले आणि वर्षभर अडकूनच राहिले. मे महिन्यात सूर्य मावळला तो सुमारे सत्तर दिवस उगवला नाही. जूनमध्ये एमिल डाँको हा अधिकारी हृदयविकाराने गेला, एका खलाशाचे भान कायमचे सुटले, बाकीच्यांना धाप, सूज, निद्रानाश आणि कशातच मन न लागणे यांनी घेरले. जहाजावरचे अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी पेंग्विन आणि सील यांचे ताजे मांस खायला लावले, आजाऱ्यांना उघड्या अंगाने शेगडीसमोर बसवले आणि जहाजाभोवती रोज फेऱ्या मारायला लावल्या. या फेऱ्यांना खलाशांनी वेड्यांच्या इस्पितळातला फेरफटका असे नाव दिले होते. स्कर्व्ही या रोगाला उतार पडला आणि मनेही काहीशी सावरली. शरीर कुठे संपते आणि मन कुठे सुरू होते, हे तेव्हाही नीट वेगळे करता आले नाही, आजही येत नाही.

‘बेल्जिका’वरची दुसरी घटना कमी सांगितली जाते, गटाच्या दृष्टीने मात्र ती अधिक बोलकी आहे. जहाजावर बेल्जियन, नॉर्वेजियन, रुमानियन, पोलिश आणि एक अमेरिकन अशी सरमिसळ होती. नेत्याला काही झाले तर सूत्रे बेल्जियन माणसाकडेच जावीत, असा करार द गेर्लाश यांनी मायदेशातील भूगोल संस्थेशी केला होता. तो उघड होताच जहाजावरचे अधिकारी रोआल्ड अमुंडसेन यांनी आपले पद सोडले. हजारो मैल दूरच्या खोलीत झालेला कागद बर्फात गोठलेल्या जहाजावर येऊन फुटला. पुढच्या शतकात हाच प्रकार वेगवेगळ्या वेशांत वारंवार घडलेला दिसतो.

ध्रुवीय मोहिमांच्या त्या पिढीने मानसशास्त्राचे पुस्तक न उघडता काही युक्त्या शोधल्या. ब्रिटिश ध्रुवसंशोधक स्कॉट यांच्या मोहिमेतील व्हिक्टर कॅम्पबेल यांच्या सहा जणांच्या तुकडीला १९१२ चा हिवाळा बर्फात खणलेल्या एका गुहेत काढावा लागला. तिघे अधिकारी, तिघे खलाशी. कॅम्पबेल यांनी गुहेच्या जमिनीवर एक रेघ ओढली आणि ठरवून दिले की रेघेच्या एका बाजूला जे बोलले जाईल ते दुसऱ्या बाजूला ऐकू आले नाही असे समजायचे. आज ही रेघ वर्गभेदाची वाटते आणि ती तशी होतीही. पण हातभर अंतरावर बसलेल्या माणसांना एकमेकांपासून थोडा आडोसा तिने दिला. नॉर्वेचे नान्सेन आणि योहान्सेन यांनी १८९५–९६ चा हिवाळा फ्रान्झ योझेफ बेटांवर दगड आणि कातड्यांच्या झोपडीत काढला. एकाच झोपण्याच्या पिशवीत झोपणारे हे दोघे कित्येक महिने एकमेकांना अहो-जाहो करत होते, अरे-तुरेवर आले ते नववर्षाच्या सुमारास, असे सांगतात. औपचारिकपणाही एक भिंत असते आणि जिथे खऱ्या भिंती नसतात तिथे ती उपयोगी पडते.

ब्रिटिश ध्रुवसंशोधक शॅकल्टन यांचे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते, कधीकधी जरा जास्तच. तरी त्यांचे ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज १९१५ मध्ये बर्फाने चिरडल्यावर त्यांनी माणसांची मांडणी ज्या प्रकारे केली ती अभ्यासण्यासारखी आहे. सुतार हॅरी मॅक्निश यांनी बर्फावर एकदा हुकूम मोडला होता. एलिफंट बेटावरून मदत आणायला लहान होडीतून निघताना शॅकल्टन यांनी त्यांना मागे ठेवले नाही, बरोबर घेतले. सुतार म्हणून ते हवेच होते, पण असंतोषाचे बीज बेटावर राहू नये हाही हिशेब त्यात असावा. एलिफंट बेटावर उरलेल्या बावीस जणांना फ्रँक वाइल्ड यांनी चार महिन्यांहून अधिक काळ सांभाळले. साहेब आजच येतील, सामान आवरून ठेवा, असे ते रोज सकाळी सांगत. सामानात एक बॅन्जोही होता. वजन कमी करण्यासाठी जवळपास सगळे फेकून देताना शॅकल्टन यांनी तो मुद्दाम ठेवायला लावला होता.

किती माणसे असावीत, हाही प्रश्न जुनाच. अमेरिकेचे रिचर्ड बर्ड यांनी १९३४ मध्ये अंटार्क्टिकाच्या आतल्या भागातील हवामान केंद्रावर तिघांना ठेवण्याचा विचार केला होता. सामान तिघांना पुरेल इतके नेता आले नाही, तेव्हा दोघांना ठेवण्यापेक्षा एकट्याने राहणे त्यांनी पत्करले. दोन माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील, असे त्यांचे मत होते. एकटे राहून ते शेगडीच्या विषारी वायूने मरता मरता वाचले, तेव्हा त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता असे म्हणता येत नाही. दोघांविषयीची त्यांची भीती मात्र पोकळ नव्हती. आपल्या आठवणींत त्यांनी तळावरच्या एका माणसाविषयी लिहिले आहे. प्रत्येक घास अठ्ठावीस वेळा चावणारा एक सहकारी नजरेआड होईल अशी जागा मिळाल्याशिवाय त्याला जेवणच जात नसे.

पद्धतशीर संशोधन सुरू झाले ते १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, जेव्हा अंटार्क्टिकात बारमाही तळ उभे राहिले. तयारीच्या काळात अमेरिकेच्या एका कर्मचाऱ्याला तीव्र मनोविकार जडला आणि हिवाळ्यात त्याला परत पाठवता येईना. त्यानंतर अमेरिकी नौदलाने निवडीसाठी मानसिक तपासणी आणली. एरिक गंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या हिवाळी सदस्याची तीन लक्षणे सांगितली: काम येणे, मन स्थिर असणे आणि इतरांशी जुळणे. आज ही यादी ढोबळ वाटते, पण तिसरे लक्षण पहिल्याच्या तोडीचे मानणे त्या काळी नवे होते. तोवर उत्तम मेकॅनिक म्हणजे उत्तम सदस्य, असाच समज होता.

१९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील संस्थेत आयर्विन ऑल्टमन आणि विल्यम हेथॉर्न यांनी खलाशांच्या जोड्या दहा दहा दिवस एका लहान खोलीत ठेवल्या. आधी पलंग ‘माझा’ झाला, मग टेबलाची बाजू, मग खुर्ची. दोघेही वरचढपणा गाजवणारे असतील तर ही हद्द लवकर आणि कडक आखली जाई. नंतरच्या एका प्रयोगात असेही आढळले की ज्या जोड्यांनी सुरुवातीलाच अशी वाटणी करून घेतली नाही त्यांचाच मुक्काम अर्ध्यावर मोडण्याचा संभव अधिक. म्हणजे हद्द आखणे हे बिघाडाचे लक्षण मानू नये. बऱ्याचदा तो गटाने स्वतःच शोधलेला इलाज असतो.

हिवाळी मुक्कामात व्यक्तीवर होणारे परिणाम आता बरेच ठाऊक आहेत. झोप मोडते, चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही, बोलता बोलता नजर शून्यात जाते. जर्मनीच्या नॉयमायर तळावर चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूची आधी-नंतर तपासणी केली गेली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा एक भाग सरासरी सुमारे सात टक्क्यांनी आक्रसला होता. नऊ माणसे हा फार लहान नमुना, तरीही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. काळाच्या ओघाविषयीही एक सिद्धांत आहे. मुक्कामाचा अर्धा टप्पा ओलांडल्यावर, म्हणजे तिसऱ्या चतुर्थांशात, मनोबल सर्वांत खाली जाते, असे रॉबर्ट बेक्टेल आणि एमी बर्निंग यांनी १९९१ मध्ये मांडले. कल्पना आकर्षक आहे, म्हणून ती सर्वत्र उद्धृत होते. पुरावा मात्र विस्कळीत आहे. काही तळांवर ती दिसते, अंतराळस्थानकावरच्या अभ्यासांत फारशी दिसत नाही. शेवट कधी हेच ठाऊक नसेल तर चतुर्थांश मोजणार तरी कशाचा? २०२० च्या महासाथीत सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही व्यापारी जहाजांवर अडकून पडले, तेव्हा सुटकेची तारीख नसणे हाच त्यांच्यावरचा सर्वांत मोठा ताण होता. कोकणातील आणि गोव्यातील अनेक घरांनी तो अनुभव जवळून पाहिला आहे.

गट म्हणून काय घडते, हा भाग अधिक रोचक आहे. अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर २’ या काचेच्या बंद वास्तूत सप्टेंबर १९९१ पासून आठ जण दोन वर्षे राहिले. अन्न स्वतः पिकवायचे होते, ते अपुरे पडले. हवेतील प्राणवायू सुमारे चौदा टक्क्यांपर्यंत उतरला आणि अखेर बाहेरून सोडावा लागला. आठांचे चार-चार असे दोन तट पडले. वाद वरकरणी धोरणाचा होता: प्रकल्प चालवणाऱ्यांचे ऐकायचे की शास्त्रज्ञांच्या सल्लागार समितीचे. एकेकाळचे जिवलग मित्र एकमेकांच्या नजरेला नजर देईनासे झाले. पण शेळ्यांची धार काढायची कुणी चुकवली नाही, स्वयंपाकाची पाळी कुणी मोडली नाही आणि दोन वर्षे पूर्ण करूनच आठही जण बाहेर आले. गटाची एकी आणि गटाचे काम या दोन गोष्टी एक नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. निवड समित्या प्रेमळ गट शोधतात; प्रत्यक्षात शिस्तीने भांडू शकणारा गटही पुरतो.

मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री जॉन्सन यांनी दक्षिण ध्रुवावरच्या तळावर हिवाळी तुकड्यांतील संबंधांचे जाळे वर्षागणिक मांडून पाहिले. एक गाभा आणि त्याभोवती विखुरलेली माणसे अशी रचना असलेल्या तुकड्या टिकाऊ ठरल्या, वेगवेगळ्या कंपूंत विभागलेल्या डळमळीत. गाभा टिकायला नेमलेला प्रमुख आणि लोकांनी मनाने मानलेला प्रमुख यांच्यात फारसा झगडा नसावा लागतो. शिवाय गटात अनौपचारिक भूमिका असाव्या लागतात आणि त्यांत विदूषकाची भूमिका वरच्या क्रमांकाची. सर्वांना हसवणारा, दोन्ही कंपूंत उठबस असलेला माणूस तुटलेले दुवे जोडतो. अमुंडसेन यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेत हे काम आचारी आडोल्फ लिंडस्ट्रोम करत. तळाचा आनंद त्यांच्या स्वयंपाकघरात होता, हे अमुंडसेन यांनीही मान्य केले आहे. आचारी नीट निवडणे हा गमतीचा मुद्दा वाटतो, पण अनुभवी तळप्रमुख तो फार गंभीरपणे घेतात.

आतला राग बाहेर वळवणे ही या गटांची दुसरी ठळक खोड. शेजारच्या माणसावर चिडणे महाग पडते, म्हणून दूरच्या नियंत्रण कक्षावर चिडायचे. मानसोपचारतज्ज्ञ निक केनस यांना रशियाच्या ‘मीर’ आणि नंतर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या अभ्यासांत हे वळण दिसले. मॉस्कोत ३ जून २०१० ते ४ नोव्हेंबर २०११ या काळात सहा पुरुषांना मंगळाच्या लटक्या प्रवासात ५२० दिवस कोंडून ठेवले गेले. या ‘मार्स-५००’ प्रयोगात नियंत्रण कक्षाशी झालेले खटके आपसातल्या खटक्यांच्या पाचपट नोंदले गेले. याच प्रयोगातील आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा: जाणवलेल्या संघर्षांपैकी ८५ टक्के केवळ दोघांच्या नोंदींतले होते, आणि तेच दोघे सर्वांत थकलेले व ताणलेले होते.

मात्र बाहेरच्यावरचा प्रत्येक राग हा आतलाच राग असतो, असे धरून चालणे चुकीचे. १९७३–७४ मध्ये ८४ दिवस ‘स्कायलॅब’ या अमेरिकी अंतराळस्थानकावर राहिलेल्या तिघांनी संप केला, अशी कथा व्यवस्थापनाच्या वर्गांतून शिकवली जाते. त्या अंतराळवीरांनी ती नाकारली आहे. घडले ते एवढेच की आधीच्या अनुभवी तुकडीच्या गतीने या नवख्यांचे वेळापत्रक आखले गेले, कामे तुंबली, कुरबुरी वाढल्या आणि ३० डिसेंबरला दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या. वेळापत्रक सैल झाले तसे काम सुधारले. तक्रार रास्त होती. तिला मनाचा खेळ ठरवले असते तर चूक जमिनीवरच्यांची आणि दोष वरच्यांचा, असा उफराटा न्याय झाला असता.

असा उफराटा न्याय मॉस्कोतच एका प्रयोगात झाला. वेगवेगळ्या देशांच्या तुकड्यांना जोडलेल्या दालनांत ठेवले होते. २००० सालाच्या स्वागताच्या रात्री दोघांत रक्त निघेपर्यंत मारामारी झाली आणि गटातील एका स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध जवळ ओढले गेले. आयोजकांनी सुरुवातीला हा संस्कृतींमधला फरक म्हणून सोडून दिले. एका सदस्याने प्रयोगच सोडला. संस्कृतींत फरक असतातच: विनोद कुठवर, मौनाचा अर्थ काय, वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणायचे की नाही. पण गैरवर्तनाला संस्कृतीचे नाव देणे हा संशोधनाचा निष्कर्ष नसतो, ती जबाबदारीतून काढलेली पळवाट असते. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटांमुळे अडचणी वाढतात हा जुना समज नंतरच्या अनुभवाने टिकवलेला नाही. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६–१७ मध्ये भारताच्या ‘भारती’ तळावर २३ जणांच्या तुकडीत एकट्या महिला म्हणून ४०३ दिवस काढले. केवळ महिलांचा गटही मागे नाही: गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून गोव्यालाच परतल्या.

या साऱ्या साहित्यातून एक कल स्पष्ट होतो. माणसे कशी आहेत यावर संशोधकांनी आणि संस्थांनी फार श्रम घेतले. त्यांना कोणत्या मांडणीत ठेवले यावर तुलनेने कमी. निवड टाकाऊ माणसे वगळू शकते, पण वर्षभरानंतर कोण कुणाशी बोलणार नाही हे कोणत्याही चाचणीला आधी सांगता आलेले नाही. बदलता येतात त्या गोष्टी साध्या आहेत: स्वतःचे दार असलेली लहानशी खोली, एकत्र जेवण्याची वेळ, अर्थ असलेले काम, घरच्या वाईट बातम्या केव्हा आणि कुणी सांगायच्या याचा आधीच केलेला निर्णय, तुकडीला स्वतःच्या दिवसाची थोडी मालकी. अंटार्क्टिकातील तळांवर २१ जूनला हिवाळ्याच्या मध्यावर मेजवानी होते, ती हौसेखातर नव्हे. एकसारख्या दिवसांना तिच्यामुळे खूण मिळते.

परिणाम सगळे वाईटच असतात असेही नाही. अमेरिकी नौदलाच्या नोंदी तपासताना लॉरेन्स पालिंकस यांना आढळले की अंटार्क्टिकात हिवाळा काढून आलेल्यांना पुढील काळात रुग्णालयात भरती होण्याची वेळ इतरांपेक्षा कमी आली. पीटर स्यूडफेल्ड यांनी याच बाजूवर भर दिला: कठीण मुक्काम पार पाडलेली माणसे स्वतःविषयी अधिक खात्री घेऊन परततात, आणि कित्येक जण पुन्हा जायला अर्ज करतात.

ज्ञानाच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. गट सहा-आठ जणांचे, स्वेच्छेने आलेले आणि निवडून घेतलेले. लटक्या मंगळप्रवासात दार उघडता येते हे प्रत्येकाला ठाऊक असते. ह्यूस्टनमध्ये जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस चौघांनी लटक्या मंगळमुक्कामासाठी त्रिमितीय छपाईने उभारलेल्या घरात काढले, पण जीव जाण्याची भीती तिथे नव्हती. खऱ्या मंगळप्रवासात संदेश पोहोचायला एका दिशेने वीसहून अधिक मिनिटे लागू शकतील. म्हणजे जमिनीशी संभाषण असे उरणारच नाही, फक्त पत्रव्यवहार उरेल. राग काढायला मुख्यालयही हाताशी नसेल, तेव्हा तो कुठे वळेल, याचे उत्तर पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगात मिळालेले नाही.

भारताचा या विषयाशी संबंध आता चार दशकांचा आहे. पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. ‘दक्षिण गंगोत्री’नंतर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ हे तळ उभे राहिले, आणि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र त्यांचा कारभार पाहते. वेगवेगळ्या भाषांची, जेवणाच्या सवयींची आणि खात्यांची माणसे तिथे दर वर्षी हिवाळा काढतात. अशा सामग्रीची तोड कुठल्याही प्रयोगशाळेला नाही. आणि या शाखेचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा कुक यांच्या काळापासून अंतराळस्थानकापर्यंत एकच राहिला आहे: रोज लिहिलेली रोजनिशी. नौदलात, व्यापारी जहाजांवर किंवा ध्रुवीय तळांवर राहून आलेल्यांच्या घरी अशा वह्या असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. तारखांसह जपाव्यात आणि जमल्यास अभ्यासकांच्या हाती द्याव्यात.